टाकीवाले

माझा भाचा पंधरा वर्षांचा. राहतो संभाजीनगरजवळ, वाळूज एमआयडीसीच्या बजाजनगरात, जीव अडकलाय जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या फुटबॉल क्लबात. मी नोकरीसाठी सहा वर्षं त्याच डॉर्टमुंडात राहतो, त्यामुळे फोनवर दुसरा विषयच नाही. "मामा, शनिवारी मॅचला गेलते का?"

ताईचा सूर वेगळा. "लेकरू रात्री दीडला उठून मॅच बघतंय. दहावीचं वर्ष आहे. तुझ्यामुळंच लागलं हे खूळ." दाजी सेकंड शिफ्ट करून बारा-साडेबाराला घरी येतात, जेवून आडवे होतात, की पोराचा अलार्म वाजतो.

डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी येऊन गेल्यापासून घरच्या ग्रुपवर हाच वाद पेटलाय. कोलकात्यात हजारो रुपये मोजलेल्यांना तो धड दिसलाही नाही, मग बाटल्या-खुर्च्या मैदानात. काका म्हणतात, एवढ्या मोठ्या देशाला अकरा पोरं मिळेनात आणि हे परक्याला बघायला धावतात. चुलतभावाचं म्हणणं, सरकारनं पैसा ओतावा, वीस वर्षांत वर्ल्ड कप. मला दोघांचंही पटत नाही. दोघांना देशाचं नाव पाहिजे. पोरगं संध्याकाळी कुठं खेळतंय, हे कुणीच विचारत नाही.

डॉर्टमुंड म्हणजे कोळसा, पोलाद आणि बिअर. थोडक्यात, त्यांचं वाळूज. चर्चच्या तरुण मंडळातली पोरं फुटबॉल खेळायची आणि पाद्रीबाबांना ते अजिबात खपायचं नाही. शेवटी 19 डिसेंबर 1909 ला बोर्झिगप्लाट्झ या कामगार वस्तीतल्या चौकाजवळच्या एका गुत्त्यात बसून पोरांनी वेगळा क्लब काढला. नाव ठेवलं शेजारच्या बिअरच्या कारखान्याचं: बोरुसिया. वडीलधारी मंडळी तेव्हाही म्हणत असणार, लागलं खूळ.

पुढं खाणी बंद पडल्या. 2001 मध्ये इथला एक मोठा पोलाद कारखाना थंडावला. चिनी कामगारांनी येऊन त्याचा स्क्रू न् स्क्रू सोडवून चीनला नेला. त्या जागी आता तळं आहे आणि भोवती महागडी घरं. क्लब मात्र गावाकडेच राहिला. दक्षिण स्टँडमध्ये जवळपास 25 हजार लोक मॅचभर उभे असतात. त्यालाच पिवळी भिंत म्हणतात. तिथं मी सहा वर्षांत एकदाच गेलोय, तेही सहकाऱ्याच्या तिकिटावर. भाच्याला हे सांगितलेलं नाही.

मला हेवा वाटतो तो स्टेडियमचा नाही. आमच्या इमारतीमागं जाळी लावलेलं छोटं मैदान आहे, गवताचं नावही नाही. तुर्की, सीरियन, जर्मन पोरं शाळा सुटली की तिथंच. रात्री आठ वाजले की वरच्या मजल्यावरची आजी गॅलरीतून ओरडते. आया इथंही कटकट करतात. पण मैदानात कुणी गाडी लावत नाही. खडीही टाकत नाही.

मागच्या दिवाळीत बजाजनगरला गेलो होतो. पाण्याच्या टाकीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एका कोपऱ्यात वाळूचा ढीग, दुसऱ्यात दोन पिकअप, मधे कुणाच्या तरी कार्यक्रमाच्या मांडवाचे खड्डे. पोरं उरलेल्या जागेत खेळत होती, विटांचे गोल. बॉल पिकअपखाली गेला. भाचा पिवळ्या टी-शर्टवर सपशेल पालथा पडून आत सरपटला आणि बाहेर आला तेव्हा छातीवर ऑइलचा हा एवढा डाग. ताईनं रात्री तो डाग निरम्यानं घासला, माझ्याकडं बघत.

ताईला मी सांगितलं, रात्री उठू देऊ नको, सकाळी हायलाइट्स बघ म्हण. दीडला जागणं मलाही पटत नाही. पण संध्याकाळचे दोन तास क्लासला विकू नको. आणि दाजी, सोसायटीत पिकअपवाल्याशी बोलायचं धाडस तुम्हालाच करावं लागणार. मुंबईहून कुणी येणार नाही.

दाजी नुसतं "बघू" म्हणाले. मागच्या रविवारी भाच्याचा व्हिडिओ आला. रांजणगावच्या पोरांशी मॅच होती. टीमचं नाव विचारलं तर म्हणाला, "नाव नाही ओ मामा, सगळे टाकीवाले म्हणतात." व्हिडिओत एकच पिकअप दिसत होती, आणि तिच्या बॉनेटला टेकून कंपनीच्या गणवेशातच दाजी उभे होते.

"कितीनं हरलात?" मी विचारलं.

"चार-एक. पण तो एक माझा."