आधी पालेभाजी लावा, कुंड्यांचं नंतर बघू

सांगलीत हल्ली गच्चीवर, गॅलरीत, जिन्यात जिकडे बघावं तिकडे लोक काहीतरी लावताना दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट कधीपासून खटकतेय, म्हणून आज सविस्तर लिहिते. ज्या घरांत महिन्याचा हिशेब वहीत मांडून चालतो, तिथल्या बायका मला म्हणतात, "आम्हालाही लावायचंय गं, पण कुंड्या, माती, खत धरून दोन-तीन हजार जातात म्हणे." हे त्यांच्या डोक्यात भरवलं मोबाइलवरच्या जाहिरातींनी. रंगीत कुंड्या, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा, पाकिटातलं खत, छोटं खुरपं, हातमोजे. ज्या घराला घरच्या भाजीची सगळ्यात जास्त गरज आहे, तेच घर ही यादी बघून मागे फिरतं. याचं मला फार वाईट वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे. पैशाची ओढाताण असलेल्या घरानं पहिलं वर्षभर बागेवर जवळजवळ काही खर्च करू नये, आणि फळभाजीच्या मागे लागू नये. पालेभाजी लावावी, आणि सोबत रोज चिमूट-चिमूट लागणारं: कोथिंबीर, मिरची, पुदिना, कढीपत्ता, लसणाची पात. बास.

टोमॅटोचं गणित बघा. एका रोपाला १५-२० लिटरचा डबा, निदान सहा तास ऊन, आधाराला काठी, आणि रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांची वाट. तुमच्या रोपाला फळ धरतं त्याच सुमारास मंडईत टोमॅटोचे ढीग मातीमोल पडलेले असतात. वांग्याचंही तसंच. कृष्णाकाठच्या वांग्याची चव डब्यात आणायला बघू नका. ती नदीकाठच्या जमिनीची करामत आहे, ती वांगी विकतच घ्या आणि भरीत करा.

आता कोथिंबीर घ्या. लागते मूठभर, घ्यावी लागते अख्खी जुडी. उरलेली दोन दिवसांत पिवळी पडते. आज १० रुपयाला जुडी, आणि पावसानं झोडपलं की तीच ४० ला. मेथी पेरल्यापासून २५-३० दिवसांत काढायला येते. पालेभाजीला सहा इंच माती पुरते आणि तीन-चार तासांच्या उन्हावरही ती भागवून नेते. म्हणजे भाड्याच्या खोलीची पायरी, खिडकीचा गज, जिन्याचा कोपरा, एवढी जागा असली तरी चालतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाला रोज १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी सांगितली आहे. आपल्यापैकी किती घरांत ती रोज ताटात असते? महाग होते तेव्हा सगळ्यात आधी पालेभाजीच कमी होते, आणि त्यातही घरातल्या बाईच्या ताटातली.

बी विकत आणायची गरज नाही, ते तुमच्या डब्यात आहे. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरा. धने हातानं किंवा लाटण्यानं हलकेच रगडून दोन फाकळ्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. अख्खा धना टाकला तर उगवण मागंपुढं होते. आठ-दहा दिवस काही दिसलं नाही म्हणून माती उकरू नका, कोथिंबिरीला तेवढे लागतातच. मोहरीची कोवळी पानं भाजीला छान लागतात. लसणाच्या बारीक पाकळ्या, ज्या सोलायचा कंटाळा येतो, त्या टोक वर करून खोचा, पात मिळते. कोंब आलेला कांदा टाकून देऊ नका, तोही पातीला लावा. थंडीत मूठभर देशी हरभरे पेरा, कोवळे शेंडे खुडत राहा, जितकं खुडाल तितक्या फांद्या फुटतात. त्याच दिवसांत करडई आणि चाकवत, पावसाळ्यात अंबाडी आणि माठ. मंडईतून आणलेल्या पुदिन्याच्या जुडीतल्या जाडसर काड्या खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळ्या सुटतात. कढीपत्त्याच्या जुन्या झाडाभोवती मुळांतून फुटवे येतात. गल्लीत कुणाच्या परड्यात झाड असेल तर एक फुटवा मुळासकट मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही. मिरचीसाठी तेवढी रोपवाटिकेतून ट्रेमधली चार-पाच रोपं आणा, दहा-पंधरा रुपयांत होतात.

आणि सांगलीत राहून हळद लावली नाही, असं कसं चालेल? फक्त किराण्यातलं हळकुंड लावू नका. ते शिजवून वाळवलेलं असतं, त्याला कोंब येत नाही. शेतकऱ्याकडून ओल्या हळदीचा डोळा असलेला तुकडा मागा. मे-जूनमध्ये पोत्यात लावला की आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळतो, मग काढायचा. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्याच पोरांनी हळदीचं झाड बघितलेलं नसतं.

कुंड्यांच्या बाबतीत तर आपला जिल्हा श्रीमंत आहे. द्राक्षाचा हंगाम संपला की फुटके क्रेट कितीतरी पडून असतात. असा क्रेट घ्या, आतून जुनं पोतं लावा, पालेभाजीसाठी याहून चांगली कुंडी विकत मिळत नाही. तेलाचे पत्र्याचे डबे, गळकी बादली, साखरेची पोती, सगळं चालतं. तळाला भोकं मात्र हवीत. एका बाबतीत मी हात जोडून सांगते. शेतातल्या औषधाचे, तणनाशकाचे रिकामे कॅन कितीही धुतलेले असले तरी वापरू नका. आपल्याकडे ते घरोघरी असतात, म्हणून मुद्दाम लिहिते. आणि गच्चीवर ठेवताना वजनाचा विचार करा. २० लिटरचा डबा ओल्या मातीनं भरला की ३० किलोच्या आसपास जातो. जुना स्लॅब असेल तर मधोमध गर्दी नको, भिंतीच्या कडेनं ठेवा.

मातीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळं यश तिथंच आहे. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी, पण डब्यात नुसती तीच भरली तर पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. मुळांना हवा मिळत नाही. म्हणून दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं वाळला पाला किंवा उसाच्या पाचटाचा, म्हणजे वाळल्या पानांचा, चुरा असं मिसळा. पाचट आपल्याकडे अजूनही फडात पेटवतात. बघून जीव तुटतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक पोतं आणलं तर वर्षभर पुरतं. आटपाडी-जतकडची मेंढरं कुठं शेतात बसली असतील तर लेंडीखत मिळतं, ते सावकाश विरघळतं, डब्याला फार उपयोगी. साखर कारखान्याची मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरणारा गाळ, ताजी घालू नका, कुजताना ती तापते आणि मुळं भाजतात. दोन-तीन महिने कुजवून मग थोडी वापरा.

पुढचं खत घरातच होतं. एका जुन्या बादलीला भोकं पाडा, भाजीची देठं-सालं टाकली की त्यावर दुप्पट वाळला पाला टाका. वास येतो तो ओलं जास्त आणि सुकं कमी झाल्यामुळं. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत मिळतं. यात खर्च शून्य.

हे शोध माझे नव्हेत. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर सर आपापले प्रयोग एकमेकांना सांगणाऱ्या शेतकऱ्यांच्या 'प्रयोग परिवार'मधून हेच सांगत असत. पडलेला पाला मातीला परत द्या, घरच्या घरी प्रयोग करा, दुसऱ्याचं बघा, आपलं दाखवा. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब चांगलं जगू शकतं, ही त्यांची मांडणी. आपल्या तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी त्यांच्या विचारातून किती घेतलं! आपल्याकडे दहा गुंठे नाहीत, दोन क्रेट आहेत. विचार तोच लागू पडतो.

पाणी. इथं सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. वाळवा-मिरज पट्ट्यात बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झालेल्या, म्हणजे क्षार साचून नापीक झालेल्या, आपण बघतोच. डब्यातही जास्त पाण्यानं नुकसानच होतं, तेही लवकर. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पाणी शुद्ध करायच्या मशीनचं वाया जाणारं पाणी बऱ्याच जणी झाडांना घालतात. त्यात क्षार जास्त असतात, ते फरशीला वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना द्या. मातीवर दोन बोटं पाचट अंथरलं की उन्हाळ्यात पाणी बरंच कमी लागतं. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी विकत आणू नका, जुनी सुती साडी चार काठ्यांना बांधा.

कीड फार मनावर घेऊ नका. मावा दिसला तर साबणाचं अगदी पातळ पाणी फवारा आणि दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं धुवा. जूनच्या सुमारास कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या वाळवून ठेवा. ५० ग्रॅम बिया कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून फवारायच्या. मिरचीवर चुरडा-मुरडा (पानं आक्रसून वळण्याचा रोग) फार झाला तर ते रोप उपटून टाका, शेजारची वाचतील.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, रस्ते बंद झाले, तेव्हा माळवं, म्हणजे भाजीपाला, कुठूनच येत नव्हतं. आमच्या गल्लीत ज्यांच्या गच्चीवर चार डबे होते, त्यांच्या मिरच्या आणि कढीपत्ता आसपासच्या घरांत वाटला गेला. पूर ओसरल्यावर मात्र काही जणांनी तो गाळ खत म्हणून डब्यात भरला. असं करू नका. शहरातल्या पुराच्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात, त्यातली पालेभाजी पोराबाळांच्या पोटात जायला नको.

यातून भाजीचा खर्च निम्मा होईल असं मी म्हणणार नाही, तसं सांगणाऱ्यांवर विश्वासही ठेवू नका. दोन-तीन क्रेट नीट फिरते ठेवले, म्हणजे एक काढणीला आला की दुसरा पेरलेला, तर आठवड्यातून एक-दोन वेळची पालेभाजी आणि रोजची कोथिंबीर-मिरची घरची होते. महिन्याला दोनशे-तीनशे रुपये वाचले तरी आमच्यासारख्या घरात ते गॅसच्या हिशेबाला लागतात. 'उमेद' या सरकारच्या ग्रामीण अभियानातून गावोगावी बचत गटांच्या बायकांनी पोषण परसबागा उभ्या केल्या, फार चांगलं काम झालं. शहरातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या घरांपर्यंत तसं कुणी फारसं पोचलेलं दिसत नाही. ते काम आपणच गल्लीत करू शकतो.

त्यासाठी बी राखा. प्रत्येक क्रेटमधली दोन-तीन चांगली झाडं खुडू नका, फुलू द्या, बी धरू द्या. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत तसंच येत नाही, म्हणून गावठीच धरा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरातही सुरुवात मूठभर बियांपासूनच झाली असणार. बी उन्हात वाळवून, चुलीची राख मिळाली तर त्यात मिसळून, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचं.

माझ्याकडे यंदाचं चाकवत, अंबाडी आणि लाल माठाचं बी आहे. विश्रामबाग, संजयनगर, कुपवाड भागातल्या कुणाला हवं असेल तर मला मेसेज करा. पैसे नकोत. तुमच्याकडे पावट्याचं किंवा गावठी दोडक्याचं बी असेल तर त्यातलं थोडं द्या, ते मी शोधतेय.