लाईटबिलावर बोलायच्या आधी भिंतीला हात लावून बघा

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परवा लाईटबिलांचा विषय निघाला. मे महिन्यात आमचे 286 युनिट, खालच्या तेवढ्याच मोठ्या फ्लॅटचे 171. लगेच एकाने लिहिलं, "वापर नसताना लाईट-पंखे बंद करायची सवय लावा." आईने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून भर दुपारी पंखा बंद करून बसायला लागली. बाहेर चाळिशीचं ऊन, तिचं वय 71. मला ते बघवलं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्यावर चौथ्या मजल्यावर राहतो. वर थेट गच्ची, बेडरूमची भिंत पश्चिमेला. रात्री दहाला त्या भिंतीवर तळहात ठेवा, ताप आलेल्याच्या कपाळाला हात लावल्यासारखं वाटतं. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री घरात उष्णता सोडत राहतं, म्हणून आमचा एसी दोन-तीन तास लागतोच. खालच्यांच्या डोक्यावर आमचं घर आहे, आमच्या डोक्यावर ऊन. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती होत्या, वर माळा आणि कौलं. मे महिन्यातही माजघरात पंखा लागत नसे. माणसं हीच होती हो, सवयीही ह्याच.

शिवाय खालचे दोघं सातपूरला नोकरीला, घर दहा तास कुलूपबंद. आमच्याकडे आई-बाबा दिवसभर घरात असतात. ते घरात आहेत ही काय उधळपट्टी झाली?

रविवारी मी मीटरसमोर घड्याळ घेऊन उभा राहिलो. त्यावरचा बारीक लाल दिवा आमच्या मीटरला एका युनिटमागे 3200 वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून एकेक वस्तू लावत गेलो. 75 वॅटचा जुना पंखा लावला की साधारण 15 सेकंदांनी एकदा लुकलुक. हॉलमधला नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला तर सदतीस-अडतीस सेकंदांनी. दोन हजार वॅटचा गिझर लावला तर सेकंदाला जवळजवळ दोनदा! आईचा पंखा तसाच जुना, रोज 15 तास चालतो. तो बदलून बीएलडीसी लावला तर महिन्याला 20 युनिट वाचतील आणि तिला घामाघूम बसावं लागणार नाही. उलट 9 वॅटचा एलईडी रोज रात्री 10 तास विसरून चालू राहिला, तरी महिन्याचे तीन युनिटसुद्धा होत नाहीत. आपण ओरडतो मात्र त्या दिव्यावरून.

गिझरचं गणित हिवाळ्यातलं. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अक्षरशः बोचतं. पाणी 10 अंशांनी जास्त गार असलं की 25 लिटर तापवायला दर वेळी साधारण 0.3 युनिट जादा जातात. चार माणसं, चार अंघोळी.

दरही 100 युनिटनंतर चढतो, 300 नंतर पुन्हा चढतो. आम्ही त्या कडेवर उभे आहोत आणि गच्चीखाली राहणारं प्रत्येक घर उन्हाळ्यात तिथेच येऊन पोचतं.

आईचा पंखा मी कालच बदलून घेतला. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये गच्चीला पुढच्या उन्हाळ्याआधी पांढरा रंग द्यायचा विषय मांडणार आहे. गच्ची सगळ्यांची आहे, तेव्हा खर्चही सगळ्यांनी वाटून घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. विरोध असेल त्यांनी आधी एका रात्री आमच्याकडे येऊन त्या भिंतीला हात लावावा. चहा आई करेल.