थीमची फाइल सेव्ह होत नाही म्हणून ७७७ देऊ नका

शनिवारी रात्री साडेदहाला बाबांचा फोन आला. आवाज पार पडलेला. "अरे, वाचनालयाची साइट गेली. माझ्या हातून गेली." बाबा निवृत्त शिक्षक, वय ७१. गावच्या वाचनालयाची साइट तेच सांभाळतात; ती वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालते. त्यांना फक्त पानाच्या तळाशी असलेला जुना फोन नंबर बदलायचा होता. थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या, फाइली बदलायचा 'थीम फाइल एडिटर' उघडला, तर खाली सूचना: बदल सेव्ह करण्याआधी ही फाइल लिहिण्यायोग्य करा. आणि नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरचा 'रामबाण उपाय' येऊन पडला होता.

तो मेसेज थोडक्यात असा. होस्टिंगवाले, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा देणारे, पैसे उकळायला फाइलींना लॉक लावतात. फाइलझिला (सर्व्हरवरच्या फाइली हाताळायचं सॉफ्टवेअर) उघडा, पब्लिक-एचटीएमएल या साइटच्या मुख्य फोल्डरवर राइट क्लिक करा, परमिशनच्या चौकटीत ७७७ टाका आणि आतल्या सगळ्या फाइल-फोल्डरना लागू करा. ७७७ म्हणजे मालकाचा पूर्ण ताबा. डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसची सेटिंगची फाइल वगळू नका, नाहीतर लॉक परत बसतो. नंतर काही बदलायची गरज नाही, कारण साइटला पासवर्ड आहेच आणि सर्व्हरवरच्या लिनक्स सिस्टीमला व्हायरस लागत नाही. शेवटी 'गरजूंपर्यंत पोहोचवा'.

पोहोचवलं लोकांनी. मला स्वतःला तो दोन ठिकाणांहून आला, त्यातला एक वेबसाइटी बनवून देण्याचा धंदा करणाऱ्याकडून. त्याला तरी हे कळायला हवं होतं.

'मालकाचा पूर्ण ताबा' हे त्यातलं सगळ्यात खोटं वाक्य आहे. या तीन आकड्यांतला पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, आणि जे द्यायचं त्याची बेरीज. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. मालकाला सगळं द्यायला पहिला ७ पुरतो. ७७७ मधले पुढचे दोन ७ मालकाला काहीही जास्तीचं देत नाहीत. ते परक्यांना देतात. बाबांना मी वाचनालयाच्याच भाषेत सांगितलं: पुस्तक कुणीही वाचावं, पण देवघेवीच्या नोंदवहीत लिहितो फक्त ग्रंथपाल. तुम्ही काल ती नोंदवही पेनासकट दारात ठेवलीत. ते लगेच म्हणाले, "मग ताबा माझा कसा राहिला?" एवढा साधा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडला नाही.

इथे एक गोष्ट मान्य करतो, कारण उलट बाजूनेही अतिशयोक्ती चालते. ७७७ केलं की जगातला कुणीही ब्राउझर उघडून तुमची फाइल बदलेल, असं नाही. 'इतर' म्हणजे साइट बघायला आलेला वाचक नव्हे. त्याच मशीनवरची बाकीची खाती. पण स्वस्त सामायिक होस्टिंगवर एका मशीनवर अनोळखी लोकांची ढीगभर खाती असतात. त्यातल्या एकाच्या जुन्या, गळक्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या जादा सॉफ्टवेअरमधून) कुणी आत शिरला, आणि खाती एकमेकांपासून नीट वेगळी केलेली नसली, तर ७७७ केलेली तुमची फाइल त्याला लिहायला मोकळी. तुमचा पासवर्ड कितीही अवघड असो, त्याला तो लागतच नाही. 'साइटला पासवर्ड आहेच' याचा निकाल इथेच लागतो.

आता डब्ल्यूपी-कॉन्फिग. हे वाचून मला खरोखर राग आला. या फाइलीत डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले असतात, कारण वर्डप्रेसला ते वाचून डेटाबेसला जोडायचं असतं. एप्रिल २०१० मध्ये एका होस्टिंग कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर हेच घडलं होतं. कॉन्फिग फाइली शेजारच्या खात्यांना वाचता येत होत्या. कुणीतरी त्या वाचल्या, पासवर्ड उचलले आणि अनेक साइटींच्या डेटाबेसमध्ये हात घातला. वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर तेव्हा फाइल परमिशनचं महत्त्व सांगणारी खास टिपण आली होती. लक्षात घ्या, तिथे फक्त वाचता येत होतं. हा मेसेज वाचायलाही देतो आणि लिहायलाही. आणि थीमची फाइल सेव्ह होण्याचा डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या परमिशनशी काडीचा संबंध नाही. 'लॉक परत बसतो' हे कुठून काढलं, कोण जाणे.

वर्डप्रेसच्या अधिकृत मार्गदर्शनात हे आकडे स्वच्छ दिलेले आहेत. फोल्डरला ७५५ किंवा ७५०, फाइलला ६४४ किंवा ६४०, डब्ल्यूपी-कॉन्फिगला ४४० किंवा ४००. आणि कोणत्याही फोल्डरला ७७७ देऊ नये, अपलोडच्या फोल्डरलासुद्धा नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. इतकं असताना लोक फॉरवर्ड वाचतात.

बाबांची साइट बंद पडली ती मात्र कुणी हल्ला केल्यामुळे नाही. काही होस्टिंगवर पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तो कोड, तुमच्याच खात्याच्या नावाने चालवणारी, सूपीएचपीसारखी व्यवस्था असते. फाइल गटाला किंवा इतरांना लिहिता येण्याजोगी दिसली की ती फाइल चालवायलाच नकार देते. अख्ख्या साइटला ७७७ दिलं, की अख्ख्या साइटवर '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. बाबांना वाटलं, नऊ वर्षांची पुस्तकांची यादी पुसली गेली. ती डेटाबेसमध्ये जशीच्या तशी होती. पण तो तासभर त्यांनी कसा काढला, ते मला फोनवर ऐकू येत होतं.

मग 'उपाय चालतो' असं लोक का म्हणतात? कारण काही ठिकाणी चालतो, हे खरं आहे. स्वतःच्या उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर फाइलींचा मालक तुम्ही असता आणि पीएचपी सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वेगळ्या नावाने चालतं. ते 'इतर'मध्ये पडतं, म्हणून ७७७ दिल्यावर सेव्ह होतं. पण तिथे दुरुस्ती मालकीची हवी: थीमच्या फोल्डरचा मालक किंवा गट बदला, गटाला लिहायची मुभा द्या, 'इतर' आहेत तिथेच राहू द्या.

बाबांच्या बाबतीत कारण त्याहूनही किरकोळ होतं. जुन्या बॅकअपमध्ये पाहिलं, तर फूटरच्या, म्हणजे पानाच्या तळाच्या, फाइलीला ४४४ होतं, म्हणजे मालकालाही लिहायची परवानगी नाही. साइट बनवून देणाऱ्याने मुद्दाम तसं केलेलं दिसतं. एका फाइलीचा एक आकडा बदलून ६४४ केला असता तर काम संपलं होतं.

होस्टिंगवाल्यांच्या लॉकबद्दल फार बोलत नाही. परमिशन बदलायची सोय खुद्द त्यांच्याच कंट्रोल पॅनेलमध्ये असते. लिनक्सला व्हायरस लागत नाही, हेही सोडून द्या. साइटीत घुसवतात तो बहुधा पीएचपीचा कोड असतो आणि तो लिनक्सवर मजेत चालतो.

थीम फाइल एडिटर हाच मार्ग आहे, असंही नाही. मूळ थीममध्ये केलेला बदल थीमच्या पुढच्या अपडेटला पुसला जातो, म्हणून चाइल्ड थीम करायची, म्हणजे मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम. नुसते रंग-अक्षरं बदलायची असतील तर २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून 'अतिरिक्त सीएसएस'ची, म्हणजे पानाच्या रूपाचे नियम लिहायची, जागा आहे.

ज्यांनी मेसेज वाचून ७७७ दिलंच आहे, त्यांनी फाइलझिलातच आधी 'फक्त फोल्डर' निवडून ७५५ आणि मग 'फक्त फाइल' निवडून ६४४ द्या, आतपर्यंत लागू करून. डब्ल्यूपी-कॉन्फिग वेगळी ४४० करा. डेटाबेसचा पासवर्ड बदला आणि नवा कॉन्फिगमध्ये घाला. अपलोड फोल्डरमध्ये अनोळखी पीएचपी फाइल दिसते का, ते पाहा. आम्ही हे सगळं त्याच रात्री केलं. पाऊण वाजता साइट उघडली, आणि बाबांनी झोपायच्या आधी फोन नंबरही स्वतःच्या हाताने बदलला.