दुसऱ्या नंबरवाल्याला खासदार करा म्हणे!

लोकसभेची एखादी जागा रिकामी झाली की हा मेसेज फिरतोच: पोटनिवडणूक म्हणजे पैशांचा चुराडा, जिंकणार तर सत्ताधारीच. त्यापेक्षा दुसऱ्या नंबरवाल्याला खासदार करा. आणि वर्षभर खासदार नसला तर असं काय बिघडतं?

सत्ताधारीच जिंकतात? २८ मे २०१८ला पालघर आणि भंडारा-गोंदियात एकाच दिवशी मतदान झालं. केंद्रात-राज्यात भाजप. पालघर त्यांनी राखलं, भंडारा-गोंदिया राष्ट्रवादीने घेतलं. साताऱ्यात तर उदयनराजे मे २०१९मध्ये निवडून आले, राजीनामा देऊन भाजपतर्फे उभे राहिले आणि ऑक्टोबरात श्रीनिवास पाटलांकडून ८७ हजारांवर मतांनी पडले.

खर्च होतो, खरं आहे. पण साताऱ्याचं मतदान विधानसभेसोबतच उरकलं, २०२४ला नांदेडचंही.

दुसऱ्या नंबरवाल्याचं म्हणाल तर पुणे बघा. २०१९ला गिरीश बापटांना ६ लाख ३२ हजारांवर मतं, मोहन जोशींना ३ लाख ८ हजार. तीन लाखांहून जास्त मतांनी हरलेला उमेदवार पुणेकरांचा प्रतिनिधी कसा होणार? शिवाय असा नियम झालाच, तर खासदाराच्या तब्येतीची चौकशी सगळ्यात जास्त कोण करील, ते सांगायला नको.

राहिलं 'काय बिघडतं'. बापट २९ मार्च २०२३ला गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल, किंवा केंद्राशी सल्लामसलत करून आयोगाने 'अवघड आहे' असं प्रमाणित केलं, तरच सूट. मुदत तर चौदा महिन्यांवर होती. मग आयोगाने दुसरी पळवाट धरली: सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत आहोत. बापट गेले त्याच दिवशी याच आयोगाने जालंधर लोकसभेची पोटनिवडणूक जाहीर केली होती! डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यात निवडणूक घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुण्याला खासदार मिळाला तो थेट ४ जून २०२४ला.

मधल्या काळात, २० सप्टेंबर २०२३ला, लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. त्यात पुण्याचं मत नव्हतं. बाळू धानोरकरांच्या निधनानंतर रिकाम्याच राहिलेल्या चंद्रपूरचंही नव्हतं.