सन्नतीची शिळा आणि आमची पोरं

सगळ्यांना जयभीम.

मागच्या रविवारी सोलापूरच्या बुधवार पेठेतली एक्केचाळीस पोरंपोरी घेऊन सन्नतीला जाऊन आलो. फोटो टाकायचे राहिलेत, टाकतो. त्याआधी थोडं बोलायचंय. काहींना लागेल.

सोलापुरात सन्नती म्हटलं की चंद्रलांबा देवी, कितीतरी घरांचं कुलदैवत. गाव कलबुर्गी जिल्ह्यात, इथून दोनशे किलोमीटरच्या आत. पंढरपूरची आपली भीमाच पुढे तिथं पोचते. तरी अभ्यास सहल म्हटली की आमची गाडी वेरूळ-अजिंठ्याकडेच वळणार. दोन वर्षांमागे तर सोमवारी अजिंठ्याला धडकलो. सोमवारी लेणी बंद! रात्रभर प्रवास करून पोरांनी नुसता चहा प्यायला. चूक माझीच, वार बघितला नव्हता. पण त्याच्या आदल्या वर्षी लेणी उघडी होती तेव्हा तरी काय बघितलं? सेल्फी, घोषणा, ग्रुप फोटो, जेवण. गाडीवरच्या फ्लेक्सला जेवढे पैसे घातले तेवढ्याची पुस्तकं आम्ही कधी घेतली नाहीत.

म्हणून यंदा अट घातली. ब्राह्मीची, म्हणजे अशोकाच्या लेखांच्या जुन्या लिपीची, वीस अक्षरं आल्याशिवाय गाडीत जागा नाही. सहा रविवार विहारात वर्ग घेतला. पहिला शब्द शिकवला 'दानं'. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाला ब्राह्मीची किल्ली सापडली ती याच शब्दात. सांचीच्या कठड्यांवरच्या बारक्या बारक्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं सारखी येत होती. देणगी देणाऱ्यांची नावं असणार, हे त्यानं ताडलं. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, र म्हणजे उभी रेघ. पोरं म्हणाली, सर, हे तर मराठीपेक्षा सोपंय.

"ब्राह्मी शिकून नोकरी लागते का?" असं एका ज्येष्ठांनी विचारलं. मग बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश करायला घेतला तो कुठल्या नोकरीसाठी?

सन्नतीला लागूनच कनगनहळ्ळीचा स्तूप. तिथल्या एका शिल्पपटात राजा, राणी, चवऱ्या ढाळणाऱ्या दासी, वर छत्र, आणि त्यावर कोरलंय 'रायो असोको'. नावासकट अशोक! आमच्यातली एक मुलगी, वडील यंत्रमागावर आहेत तिचे, दगडाला हात न लावता हवेतच बोट फिरवत वाचत होती. र... य... मग अ वर अडली, मागं गेली, पुन्हा आली. सगळी पोरं गप्प. वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या, पण ती म्हणाली वेगळंच. "सर, ही आमच्या घरातली फरशी आहे." खरंच की! इथल्याच पट्ट्यातला करडा चुनखडक. शहाबाद याच जिल्ह्यात आहे. पन्नास वर्षं शहाबादी फरशीवर अनवाणी वावरलो, माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग आली ती शिळा. १९८६ साली सन्नतीच्या काली मंदिराचं छत कोसळलं, मूर्ती भंगली, आणि मूर्तीखालचा दगड बघतात तर त्यावर अशोकाचे लेख, दोन्ही अंगांनी कोरलेले. मूर्ती बसवायला मधोमध चौकोनी भोक पाडलेलं. त्या भोकातली अक्षरं गेली ती गेलीच.

हे ऐकून एक पोरगा तापला. "दगड आपला, देव त्यांचा. हेच चाललंय सर." त्याचा राग खोटा नव्हता. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला त्रिविक्रम मंदिराची विटांची गजपृष्ठ (हत्तीच्या पाठीसारखी) वास्तू पहिल्यांदा बघितली तेव्हा मीही असाच तापलो होतो. ते मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा, होतं असं हेन्री कझिन्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच मांडलंय, पण तेर म्हटलं की आपल्याला फक्त गोरोबाकाका आठवतात. रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं तगर म्हणजे हेच तेर, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं?

मी त्याला म्हटलं, या शिळेवर कुठले लेख आहेत ते तरी बघ. त्यात अशोकाचा बारावा शिलालेख आहे. आपल्याच पंथाची उगाच थोरवी गाऊ नये, दुसऱ्याच्या पंथाला विनाकारण नावं ठेवू नयेत, जिभेवर ताबा ठेवावा, असा त्याचा आशय. देवीच्या पायाखाली शतकानुशतकं हेच पडून होतं! पोरगा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अशोक राजा होता सर. त्याला परवडत होतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पण तो अशोकाशी भांडत होता, तेही अशोकाचा लेख समोर ठेवून. अजिंठ्याच्या चार सहलींत असं एकदाही घडलं नव्हतं. परतीच्या गाडीत अक्कलकोट येईपर्यंत पोरं त्यावरच वाद घालत होती. दोघं तर कानडीत भांडायला लागली, मग कुणालाच काही कळेना.

फ्लेक्स नाही, निरोपाला नेते नाहीत, म्हणून मंडळातले काहीजण रुसलेत. रुसू देत. पुढची सहल तेरची, तीही फ्लेक्सशिवाय. शेंगाचटणी आणि कडक भाकरी ज्यानं त्यानं घरून आणायची. वर्ग येत्या रविवारी संध्याकाळी सहाला, विहारातच. चौकटीची वही आणा, साध्या वहीत अक्षरं वाकडी येतात.