सिग्नल तोडणारा रोज सुटतो आणि रोज शिकतो

सिग्नल तोडणाऱ्यांवर चिडायचं मी केव्हाच सोडून दिलंय. माझा सगळा राग आता कोपऱ्यावर उभं राहून त्यांच्याकडे बघणाऱ्या पोलिसावर असतो.

परवाचंच घ्या. पायी चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला होता, मी झेब्रावर अर्ध्यात होते आणि डावीकडून एक गाडी वेग जराही कमी न करता माझ्या पुढ्यातून गेली. चालकाचा एक हात कानाशी. मी मागे उडी मारली म्हणून वाचले. पोलीस दहा पावलांवर उभे. मी तरातरा त्यांच्याकडे गेले.

"साहेब, बघितलंत ना तुम्ही?"

"हो, बघितलं. लागलं का कुठे?"

"नाही, पण..."

"मग जा ना आता सावकाश."

सावकाश मी जायचं!

आवाजात उर्मटपणा नव्हता, उलट काळजीच होती. त्या माणसाच्या लेखी खरंच काही घडलेलं नव्हतं. रक्त नाही, पत्रा चेपलेला नाही, म्हणजे घटना नाही. कायद्याच्या दारात शिरायचं तर आधी हाड मोडून यावं लागतं. हाड वाचलं, तर ते तुमचं नशीब, आणि त्या चालकाचंही. तो पुढच्या चौकात तेच करायला मोकळा.

विमानांच्या बाबतीत असं चालत नाही. दोन विमानं धोकादायकरीत्या जवळ आली, टक्कर झाली नाही, तरी त्याची नोंद होते, कारणं शोधली जातात. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक असे थोडक्यात टळलेले प्रसंग कळवतात आणि ती यंत्रणा नासा चालवते. टळलेला अपघात ही फुकट मिळालेली माहिती आहे, हे त्यांना कळलं. रस्त्यावर तीच माहिती प्रत्येक चौकात दिवसभर सांडत असते आणि आपण ती पायाने बाजूला सारतो. करकचून दाबलेले ब्रेक, मागे उडी मारणारी म्हातारी माणसं, सायकल सरळ फुटपाथवर चढवणारी पोरं, यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त पायी चालणारी, सायकलवरची किंवा दुचाकीवरची. ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ता आहे. ही सगळी माणसं काही सिनेमातल्यासारख्या थरारक पाठलागात गेलेली नाहीत. बरीचशी अगदी मामुली गोष्टींनी गेली. थोडा जास्त वेग, थोडं फोनकडे लक्ष. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापते. मेसेज बघायला दोन सेकंद मान खाली घातली, की तेहेतीस मीटर ती गाडी कोणीच चालवत नसतं. आणि आपण म्हणतो, "अहो, फोनच तर बघत होता."

यावर नेहमीचा उपाय ठरलेला. दंड वाढवा. दुप्पट करा, दहापट करा, लायसन रद्द करा. मोठा अपघात झाला की ही मागणी उसळते, नवे दर जाहीर होतात, सगळ्यांना बरं वाटतं. पण पकडलंच जाणार नसेल, तर दंड किती का असेना! शून्याला कितीनेही गुणा. इटलीतल्या चेझारे बेक्कारिया या विचारवंताने १७६४ मध्येच लिहून ठेवलंय, की शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती होणारच याची खात्री गुन्हा रोखते. अडीचशे वर्षं उलटली, तरी आपण रकमेवरच अडलोय.

खात्रीने काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने दाखवलं. डिसेंबर १९८२ पासून तिथे पोलिसांनी कुठल्याही चालकाला, संशय असो वा नसो, थांबवून दारू प्यायलाय का हे बघायला श्वासाची तपासणी सुरू केली. आज रात्री आपल्यालाही थांबवतील, हे ज्याला त्याला वाटायला लागलं आणि रस्त्यांवरचे मृत्यू झपाट्याने खाली आले.

आपण ज्याला "पोलीस काहीच करत नाहीत" म्हणतो, ते मात्र पूर्ण खरं नाही. ते करतात, पण सोपं ते करतात. उभी असलेली गाडी उचलता येते, ती पळत नाही. कागद तपासता येतात, कागद वाद घालत नाही. नंबरप्लेटचा आकार मोजता येतो. पण लेन न बघता कट मारणारा, मागे चिकटून अप्परवर अप्पर मारणारा, इंडिकेटर न देता वळणारा, यांना पकडायचं तर आधी त्यांच्याकडे बघत राहावं लागतं, मग थांबवावं लागतं, मग "मी असं केलंच नाही" हे ऐकून घ्यावं लागतं. एवढा व्याप कोण करणार? म्हणून लायसन, विमा, सगळे कागद खिशात चोख असलेला आणि गाडी राक्षसासारखी हाकणारा माणूस नाकाबंदीतून सलाम ठोकून बाहेर पडतो. तपासणी गाडीची होते, चालवण्याची होत नाही.

कॅमेऱ्यांनी थोडं हलवलं, हे मान्य. फ्रान्सने २००३ मध्ये वेग मोजणारे स्वयंचलित कॅमेरे लावायला सुरुवात केली आणि बळी घटले. पण कॅमेऱ्याला सहसा दोनच गोष्टी नीट दिसतात, वेग आणि लाल दिवा. बाकीची गुंडगिरी त्याच्या नजरेतून सुटते. शिवाय खांबावर कॅमेरा आला म्हणून खांबाखालचा माणूस निवांत झाला, हे तर मी रोज बघते.

"माणसं कमी आहेत हो आमच्याकडे." हे उत्तर मी खोटं मानत नाही. धुरात आणि उन्हात तासन्‌तास उभं राहणं काय असतं, ते उभं राहणाऱ्यालाच माहीत. पण मग सुरक्षा सप्ताह आला की तीच माणसं कुठून उगवतात? बॅनर, शिट्ट्या, फोटो, आणि आठव्या दिवशी रस्ता पुन्हा मोकाट. सात दिवसांत वाहनचालक एकच गोष्ट शिकतो, की सात दिवस कळ काढायची.

कमी माणसांतही जमतं. इंग्लंडमधल्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यातले पोलीस सायकलवर रस्त्यात सोडले. एखादी गाडी त्यांना फारच घासून गेली, की तो पोलीस पुढे उभ्या सहकाऱ्याला कळवायचा आणि सहकारी ती गाडी बाजूला घ्यायचा. कुणाला लागलेलं नसायचं, पत्रा चेपलेला नसायचा. तरीही थांबवायचे, सायकलला किती अंतर सोडायचं ते तिथेच समजावून सांगायचे, जास्तच मस्तीत असेल त्याच्यावर खटला. मला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर पोलीस स्वतः त्या सीटवर बसला आणि मागून येणाऱ्या गाडीची भीती त्याने स्वतः अनुभवली. आमच्या चौकातल्या साहेबांना एकदा वर्दी उतरवून गर्दीच्या वेळी तो झेब्रा ओलांडायला लावा. मग विचारा, लागलं का कुठे.

ब्रिटनमध्येच लोकांनी पाठवलेल्या डॅशकॅमच्या, म्हणजे गाडीत लावलेल्या कॅमेऱ्याच्या, व्हिडिओवरूनही पोलीस कारवाई करतात. मीही एकदा असा व्हिडिओ पाठवला होता, नंबरप्लेट स्वच्छ दिसत होती. उत्तर आलं, की प्रत्यक्ष येऊन लेखी जबाब द्या. गेले. ज्यांच्याकडे ते काम होतं ते नव्हते. दुसऱ्यांदा गेले, तर त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, परत एकदा पाहिला आणि म्हणाले, "यात धडक कुठेय?"

खात्यातलं कोणी हे वाचत असेल, तर मला उपदेश नको आणि सहानुभूतीही नको. एवढंच सांगा. तुमच्या महिन्याच्या अहवालात किती पावत्या फाडल्या याचा रकाना असतो, किती अपघात झाले याचाही असतो. धावत्या गाडीला धोकादायक चालवण्याबद्दल थांबवलं, आणि तेही कुणाला लागायच्या आधी, याचा रकाना आहे का? असेल, तर गेल्या महिन्यात त्यात काय भरलंत?