खुलासा: आयव्हीएफनंतरही गर्भ नळीत राहू शकतो

‘आयव्हीएफमध्ये गर्भ थेट गर्भाशयात सोडतात, त्यामुळे तो नळीत जाऊच शकत नाही,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आयव्हीएफ म्हणजे प्रयोगशाळेत शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडणं; नळी म्हणजे बीजांडकोशाकडून गर्भाशयाकडे येणारी बीजवाहिनी. सोडलेला गर्भ लगेच चिकटत नाही. काही दिवस मोकळा असतो आणि नळीत सरकू शकतो. आयव्हीएफ विकसित करणाऱ्या स्टेप्टो व एडवर्ड्‌स यांनी 1976 मध्ये नोंदवलेली आयव्हीएफ गर्भधारणा नळीतलीच होती.

त्याहून फसवी अवस्था म्हणजे एक गर्भ गर्भाशयात आणि दुसरा बाहेर. नैसर्गिक गर्भधारणेत ही फार दुर्मिळ, पण एकाहून जास्त गर्भ सोडले की शक्यता वाढते. सोनोग्राफीत गर्भाशयातली पिशवी दिसते, रक्तातलं गर्भधारणेचं संप्रेरक बीटा-एचसीजीही नीट वाढतं, घरचे निर्धास्त होतात. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही नळ्या आणि बीजांडकोशांची बाजूही पाहायलाच हवी. पोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं असेल तर कृपा करून सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

गर्भाशयातला गर्भ वाढवायचा असेल तर मेथोट्रेक्सेट हे नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणारं औषध देत नाहीत, ते त्यालाही मारक ठरतं. बहुधा दुर्बिणीतून नळी काढतात. आतलं बाळ अनेकदा सुखरूप वाढतं.